प्रेमदासच्या तयार ओळी

प्रेमदास थूलला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. जेवायला बसला तरी एक गुडघा हलत राहायचा. मोटारीची वाट बघायची वेळ आली की हा गडी स्टँडवर थांबायचाच नाही. मोटार ज्या रस्त्यानं जाणार त्याच रस्त्यानं पायी निघायचा आणि मागून ती आली की हात करून चढायचा. त्यामुळं मोटार काही आधी पोचत नसे. उलट एकदोनदा ड्रायव्हरनं ती न थांबवताच दामटली आणि प्रेमदास धुळीत उभा राहिला. तरी सवय गेली नाही.

असल्या माणसाच्या वाट्याला कामही कुठलं यावं, तर खिळे जुळवायचं. वर्ध्याला स्टेशनाजवळ प्रभाकररावांचा छापखाना होता, तिथं तो पिपरीहून रोज सायकलनं यायचा. छापखान्यात शब्द लिहीत नाहीत, जुळवतात. समोर लाकडी केस, तिच्यात शेकडो लहान खण, प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. खिळा उचलायचा, हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ धरणाऱ्या लोखंडी पट्टीत, उलटा लावायचा, मग पुढचा. एक ओळ झाली की दुसरी. छापून झालं की सगळं मोडायचं आणि एकेक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. दुसऱ्या दिवशी तेच शब्द आले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

प्रेमदासचा जीव इथंच वर यायचा. लग्नसराईत तर तो नुसता धुमसायचा. पत्रिका वीस घरच्या, मजकूर एकच. सर्वांच्याच घरी कुलस्वामिनीची कृपा, सर्वांचाच शुभमुहूर्त, सर्वांनाच आपण सहकुटुंब सहपरिवार यायला हवे असता. बदलतात ती फक्त नावं आणि गावं. मग रोज उठून तेच तेच खिळे उचलायचे आणि तेच तेच परत टाकायचे, याला काय अर्थ आहे?

एका वर्षी त्यानं ठरवलं आणि केलं. पत्रिकेचा सगळा मजकूर एकदाच नीट जुळवला, नावांच्या ठिकाणी शिशाचे कोरे तुकडे घालून जागा रिकाम्या ठेवल्या, ओळींना सभोवार सुतळी बांधली आणि गठ्ठा फळीवर ठेवून दिला. गिऱ्हाईक आलं की गठ्ठा काढायचा, कोरे तुकडे उचलायचे, नावं भरायची, मशीनवर चढवायचं. कोणाचं नाव लांब, कोणाचं तोकडं, म्हणून त्यानं जागांचेही लहान, मध्यम आणि मोठे असे प्रकार केले. या गठ्ठ्यांना तो 'तयार ओळी' म्हणायचा. म्हणताना त्याची छाती जरा पुढं यायची, आणि का येऊ नये? डोकं त्याचंच होतं.

दत्तोपंतांना मात्र हा प्रकार मुळीच पटला नाही. पंत छापखान्यातले जुने जुळारी, वयानं प्रेमदासच्या बापाच्या जागी. त्यांचं पाण्याचं तांब्याभांडं वेगळं आणि प्रेमदासचा गडू वेगळा, हे दोघांपैकी कोणी बोलून दाखवत नसे. वाद मात्र दोघांचा एकाच टेबलावर रंगायचा. पंतांचं म्हणणं असं की प्रत्येक अक्षर बोटाला लागलं म्हणजे डोक्यालाही लागतं. गठ्ठा उचलणारा माणूस वाचत नाही, भरतो. प्रेमदास उलटून विचारायचा की तेच वाक्य शंभर वेळा जुळवलं तर शंभर वेळा चुकायची सोय झाली, ती कशासाठी ठेवायची? आणि मागल्या साली पंतांनीच नवऱ्याचं गाव नवरीला आणि नवरीचं नवऱ्याला दिलं होतं, ते कोणत्या बोटाला लागलं होतं? पंत यावर चष्मा पुसायचे.

पण पंत हार मानणारे नव्हते. "तू माणसाच्या नावाला जागा मोजून देतोस," ते एकदा म्हणाले. "ज्याचं तुझ्या जागेत मावणार नाही त्यानं काय करावं?"

प्रेमदास म्हणाला, "त्याच्यासाठी मोठी जागा करू. त्याच्यात काय आहे?"

प्रभाकररावांना या वादात काडीचा रस नव्हता. त्यांना पत्रिका संध्याकाळपर्यंत हातात पडण्यात रस होता, आणि त्या पडत होत्या. त्यांनी तयार ओळींच्या बाजूनं निकाल दिला. त्यावर प्रेमदासनं आणखी एक नियम चढवला: तयार ओळींचं प्रूफ वाचायचं नाही. त्या एकदा वाचून पक्क्या केल्या आहेत, पुन्हा कशाला वेळ घालवायचा? वाचायचं ते जिथं हात लागला तेवढंच, म्हणजे नावं, गावं, तिथी. पंतांनी हे ऐकून नुसता हुंकार दिला, पण मालकाचा शब्द पडल्यावर तेही तसंच वाचू लागले.

छप्पन सालच्या दसऱ्याला प्रेमदास नागपूरला गेला. पांढरे कपडे घालून लाखो माणसांत बसला, दीक्षा घेतली, बाबासाहेबांच्या मागून प्रतिज्ञा म्हटल्या. परत आला तो पेटूनच. पोचल्या पोचल्या त्यानं आईला सांगितलं की आता घरात देव नको. आईच्या, धुरपताबाईच्या, भिंतीतल्या देवळीत माहेराहून आणलेली बोटभर उंचीची पितळी गणपतीची मूर्ती होती. नवरा वारल्यावर, धाकटी सुलोचना अंगावर पीत असताना, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायला जाण्याआधी ती त्याच मूर्तीला रोज हात जोडून जायची. प्रेमदासनं तिला विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या दिवशी मूर्ती पदरात बांधून ती एकटीच पवनारला धाम नदीवर गेली आणि मोकळ्या पदरानं परत आली. त्या दिवशी ती जेवली नाही. प्रेमदासला ते दिसलं, पण तेव्हा त्याला वस्तीत सतरा घरी तेच सांगायला जायचं होतं.

पुढच्या वैशाखात बहिणीचं, सुलोचनाचं लग्न ठरलं. आष्टीचे नानाजी, त्यांचा मुलगा मास्तर. नानाजींनी बैठकीत एकच अट घातली होती. देव सोडलेलं घर पाहिजे, अर्धवट नको. आमच्याकडे अर्धवटानं फार वाद झाले आहेत. प्रेमदासनं छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्या घरात आता काही उरलं नाही.

त्यांच्या वस्तीत आजवर कोणाच्या लग्नाची पत्रिका छापलेली नव्हती. लग्नं निरोपावर व्हायची. प्रेमदासनं मनाशी घेतलं की सुलोचनाची पत्रिका छापायची, आणि अशी छापायची की लोकांनी जपून ठेवावी. प्रभाकररावांनी मशीन वापरायला परवानगी दिली. प्रेमदासनं गठ्ठा काढला. त्यातली कुलस्वामिनी त्यानं चिमट्यानं उपटून काढली, शुभमुहूर्त काढला, आणि काढताना त्याला फार बरं वाटलं. रिकाम्या जागी साधे शब्द बसवले. नावं भरली: कै. महादेव थूल यांची कन्या सुलोचना. मग गठ्ठा पत्रिकांच्या लोखंडी चौकटीत ठेवून पाचरी ठोकल्या, प्रूफ काढलं, जिथं जिथं हात लावला होता ते सगळं वाचलं, पंतांना दाखवलं, पंतांनीही तेवढंच वाचलं, आणि पत्रिका छापून टाकल्या. शाई वाळते न वाळते तोच आष्टीच्या बाजाराला निघालेल्या एका ओळखीच्याच्या हातून निम्म्या नानाजींकडे रवाना केल्या. थांबायचं कशासाठी?

उरलेल्या घेऊन तो घरी आला. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं सुलोचनाला मोठ्यानं वाचायला सांगितलं आणि स्वतः दाराशी पाय हलवत उभा राहिला. सुलोचनानं पत्रिका हातात घेतली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तिनं भावाकडे पाहिलं.

प्रेमदासनं तिला दटावलं, तेव्हा तिनं वाचलं. "श्री गजानन प्रसन्न."

धुरपताबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, कोण प्रसन्न झाला म्हणते?

प्रेमदासनं पत्रिका हिसकावून घेतली. ओळ होती. दोन्ही बाजूंना दोन दोन दंड, मधे ठळक अक्षरं, सगळ्यांच्या वर. ती गठ्ठ्यात नव्हतीच. ती कधीच बदलायची नसते म्हणून त्यानंच पहिल्या वर्षी ती चौकटीत वरच्या बाजूला पाचर मारून कायमची बसवली होती. रोज डोळ्यांसमोर असल्यानं ती त्याला दिसायचीच बंद झाली होती. आणि तिला हात लावला नव्हता म्हणून, त्याच्याच नियमानं, ती कोणी वाचली नव्हती.

तो बोलू लागला. चौकट, पाचर, प्रूफ, पंत, सगळं एकात एक गुंतवून सांगू लागला. धुरपताबाईनं त्याला बोलू दिलं. मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "मी नदीत सोडून आली. अन् तू शिशात धरून ठेवला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा ज्वारी निवडू लागली. नानाजींची अट प्रेमदासला नंतर आठवली. आधी आठवली ती आईची त्या दिवशीची न शिवलेली भाकर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो आष्टीला निघाला. आर्वीपर्यंतची मोटार त्यानं अर्ध्या वाटेवर धरली. आत बसला खरा, पण प्रत्येक थांब्यावर उठायचा, पुढं वाकून बघायचा, पुन्हा बसायचा. शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं की भाऊ, तुमचं कोणी आजारी आहे काय? तो नाही म्हणाला. मनात तो आष्टीच्या दारोदार हिंडत होता, पत्रिका मागत होता, लोक दारं लावून घेत होते. नानाजी सोयरीक मोडतील. मग सुलोचना? पहिली छापील पत्रिका, आणि तिच्याच पायी मोडलेलं लग्न. आर्वीला दुसरी मोटार मिळेपर्यंत तो आष्टीच्या रस्त्यानं इतका पुढं चालत गेला की चढला तेव्हा तोंडाला फेस आला होता.

नानाजी घराच्या सावलीला बाजेवर बसले होते. पत्रिकांचा गठ्ठा बाजूला होता, पुन्हा दोरा बांधून ठेवलेला. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं. प्रेमदास बसला नाही. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि हात जोडले.

"वाचून घेतली आमी," नानाजी म्हणाले. "पोट्टे म्हनत होते, सोयरीक मोडा. मी म्हनलो, वाटू नका, थांबा. मानूस येईल."

आजच नव्या छापतो, उद्या संध्याकाळपर्यंत आणून देतो, असं प्रेमदास घाईघाईनं म्हणू लागला. नानाजींनी त्याला थांबवलं. त्यांना एक विचारायचं होतं आणि ते त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं.

"मंग आपल्या पत्रिकेवर वर काय राह्यते? तुमच्या छापखान्यात तयार असनच ना."

वर्ध्यातल्या निम्म्या लग्नांच्या ओळी ज्याच्या फळीवर बांधून ठेवलेल्या, त्या प्रेमदासकडे या एका लग्नाची ओळ नव्हती. कोणाकडेच नव्हती. ज्यांना विचारावं ते बाबासाहेब डिसेंबरातच गेले होते. देव काढून टाकायची घाई त्यानं केली. त्या जागी काय येणार, हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता. "नाई, नानाजी," तो म्हणाला. "तयार नाई."

नानाजींनी पत्रिकांचा गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "मलेबी मालूम नाई. घरी माय आहे ना तुमची? तिले इचारा. तिची पोरगी आहे."

परतीच्या मोटारीत तो उठबस करत नव्हता, पण चैन त्याला पडत नव्हतीच. आईला विचारायचं, या साध्या गोष्टीनं त्याला घाम फुटला होता. आजवर त्यानं तिला खूप सांगितलं होतं. शाळा सोडतो म्हणून सांगितलं, छापखान्यात लागलो म्हणून सांगितलं, देव सोड म्हणून सांगितलं. विचारलेलं एकही त्याला आठवेना. ती नाही म्हणाली तर? माझा गणपतीच ठेव म्हणाली तर? तेही ऐकावं लागेल, विचारलं म्हणजे ऐकणं आलं.

घरी येऊन तो तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माय, पत्रिकेवर वर काय टाकू?"

धुरपताबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा दुसऱ्याच कोणाशी बोलतो आहे. मग तिनं मान खाली घातली आणि हातातलं काम चालू ठेवलं. प्रेमदासच्या जिभेवर दोन ओळी येऊन गेल्या, तिसरीही आली. त्यानं त्या सुचवल्या नाहीत. गुडघा हलू लागला तो हातानं दाबून धरला. चूल धुमसत होती, सुलोचना उंबऱ्याशी उभी होती.

"बुद्धाचं नाव टाक," आई शेवटी म्हणाली. "मले अजून नीट घेता येत नाई, पन पोरीले येईन. अन् खाली माहं नाव टाक. बापाले जाऊन किती वर्सं झाले. मी बोलावून राह्यली लोकाईले."

प्रेमदासच्या कोणत्याही गठ्ठ्यात आईच्या नावाची जागा नव्हती. लहान नाही, मध्यम नाही, मोठीही नाही. इतक्या लग्नांत ती लागली नव्हती. खरं म्हणजे लागते का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

सकाळी त्यानं चौकटीची पाचर हातोडीनं काढली, वरची ओळ मोडून खिळे खणात टाकले, आणि केसपुढं उभा राहून पहिल्यापासून जुळवायला घेतलं. गठ्ठा काढलाच नाही. त्याचे हात घाई करत होते, दोनदा मात्रा चुकली, दोनदा काढली. पत्रिका अशी झाली: वर बुद्धाला वंदन, खाली साध्या मराठीत, माझी मुलगी सुलोचना हिचं लग्न आहे, आपण या, आणि शेवटी, धुरपता महादेव थूल. पंतांनी प्रूफ मागितलं. या खेपेस त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्या दिवशी वरची ओळ मी पाहिली होती. मला ती चूक वाटली नाही."

"तुमाले नाईच वाटनार, पंत," प्रेमदास म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि पंतांनीही तो मानला नाही. प्रूफवर सही करून त्यांनी कागद परत दिला.

लग्न झालं. आष्टीच्या पोरांनी पत्रिका वाचून पुन्हा वाचून घेतली, धुरपताबाई मांडवात सगळ्यांच्या पुढं बसली, आणि लग्न कसं लावायचं याबद्दल दोन म्हाताऱ्यांत थोडी बाचाबाची होऊन तेही एकदाचं लागलं.

महिन्याभरात छापखान्यात नवी गिऱ्हाईकं येऊ लागली, हिंगणघाटकडची, समुद्रपूरकडची. सगळ्यांना 'ते आष्टीवाली' पत्रिका हवी. प्रभाकररावांनी लगेच ओळखलं की हे वाढणार, आणि मजकूर बांधून ठेवायला सांगितलं. बांधला कोणी, तर दत्तोपंतांनी. फळीवर त्यांच्या हातच्या सुबक गाठीचा गठ्ठा प्रेमदासला दिसला तेव्हा पंत थोडं मिस्कील हसून म्हणाले की इतकी वर्षं तू सांगत होतास, आता पटलं बघ. प्रेमदासला हसावं की रडावं कळेना.

त्याच दिवशी समुद्रपूरकडचा एक म्हातारा आला. मुलीचं लग्न होतं. त्यानं घडी घातलेली सुलोचनाची पत्रिका खिशातून काढली आणि तशीच द्या म्हणाला, फक्त नावं बदला. संध्याकाळच्या मोटारीनं त्याला परत जायचं होतं. प्रेमदासचा हात सवयीनं फळीकडे गेला. गठ्ठा हातात आला. जागा तयार होत्या. बुद्धाचं नाव तयार होतं, आईच्या नावाचीही जागा पंतांनी मोजून ठेवली होती. पाच मिनिटांचं काम.

त्यानं गठ्ठा टेबलावर ठेवला, सुतळीची गाठ सोडली आणि म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं. "घरून कोन बोलावून राह्यलं लोकाईले?" त्यानं विचारलं.

म्हातारा गोंधळला. हे कोणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं. मी एकटाच आहे, तो म्हणाला, बाई मागच्या साली गेली. मग टेबलावरच्या सुट्या ओळींकडे बघत, त्यानं दबकत विचारलं, "लगनाची हौस तिलेच लई होती. तिचं नाव टाकता येते का, बोलावनाऱ्यात?"

पंतांनी केसवरून मान वर केली. मेलेल्या बाईनं लग्नाला बोलवावं, असा मजकूर आजवर छापखान्यात कोणी जुळवला नव्हता. प्रेमदासनं स्टिक हातात घेतली.

"येते," तो म्हणाला. "सांगा, नाव काय बाईचं?"

"मंजुळा," म्हातारा म्हणाला, आणि पहिल्या अक्षराचा खिळा उचलला जाताना बघत राहिला.